येसूच्या काळजाची ताकद

डोंगरातून मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बायकांची रांग लोणावळ्याच्या बाजारात शिरली की त्यातली बाया कोणती, हे कुणाला विचारावं लागत नसे. सगळ्यांत ठेंगणी, सगळ्यांत पुढे आणि डोक्यावर सगळ्यांत दांडगी मोळी, ती बाया. वर तोंडाचा पट्टा अखंड चालू. मागची एखादी पोरगी रेंगाळली की ही मान न वळवता ओरडायची, "अगं ए, म्हायेराला निघालीस व्हय? पाय उचल की!" आता मान वळवणार कशी म्हणा, डोक्यावर ओली लाकडं असताना! पण मागे कोण रेंगाळलं ते तिला नुसत्या पावलांवरून कळायचं.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची. बायाची उंबरवाडी म्हणजे डोंगराच्या सोंडेवर टेकलेली दहा-पंधरा घरं. भात पिकायचं ते चार महिन्यांचं खाणं. बाकी वर्ष काढायचं मोळीवर, गवतावर आणि उन्हाळ्यात करवंदं-जांभळांवर. बायाचा नवरा लवकर गेला. पोटी एकच मुलगा, नवसू. त्याला तिनं याच डोक्यावरच्या ओझ्यावर वाढवलं, आणि याचा तिला भारी अभिमान होता.

पण तिचं खरं नाव होतं ते दुसऱ्याच कामासाठी. वाडीत नवी सून आली की तिची सासू तिला मान तयार करायला बायाच्या हवाली करी. बायाची रीत ठरलेली. आधी डोक्यावर नुसती चुंबळ आणि तिच्यावर पाण्याची कळशी. मग हाताएवढी काटक्यांची मोळी. मग रोज तिच्यात थोडी थोडी भर, पोरीला कळणारही नाही अशी. मान दुखली तर तेल चोळायचं, पण सुट्टी द्यायची नाही. बसून राहिलं की मान सगळं विसरते, असं तिचं पक्कं मत. दीड-दोन महिन्यांत तीच पोरगी मोळी घेऊन घाट उतरायची, वर गाणं म्हणायची. बाया लांबून बघायची आणि म्हणायची, "बगा, माझ्या हातची हाय."

नवसूचं लग्न झालं कान्ह्याच्या वरच्या पाड्यावरच्या येसूशी. उंच, सडसडीत, आणि बोलण्यात सासूला भारी. चटणीत मिरच्या किती घालायच्या यावरून दोघी सकाळी भांडायच्या आणि दुपारी एकाच ताटात जेवायच्या. बायाला मुलगी नव्हती. ही आली आणि घरात उत्तर देणारं माणूस आलं. बाया बाहेर सांगत सुटायची, "लय तोंडाळ सून मिळालीया," आणि सांगताना हिचा चेहरा असा फुललेला, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही तक्रार करतेय की मिरवतेय!

येसूची मान झटकन तयार झाली. दम मात्र तयार होईना. पहिलं वर्ष कसंबसं गेलं. दुसऱ्या वर्षी चढावर निम्म्यात झाड धरून उभी राहायला लागली. ओठ काळसर पडायचे. झोपताना आडवी पडली की खोकला यायचा, म्हणून कुडाला टेकून बसल्या बसल्या झोपायची. बायका कुजबुजल्या, नवसूनं बायकोला लाडावून ठेवलीय, दुसरं काय! ते बायाच्या कानावर आलं आणि ती अशी कडाडली, की कुजबुजणाऱ्यांना पळता भुई थोडी झाली. "आळशी माणूस वाटंत बसतं तवा इकडंतिकडं बगतं. ही बसती तवा हिला काय सुद्दा दिसत न्हाई. हिला निस्ती हवा पायजे असती. मला शिकवताय?"

आणि दुसऱ्या दिवशी तिनं येसूला हाताला धरून लोणावळ्याला डॉक्टर अनसूयाबाईंकडे आणलं.

अनसूयाबाईंचा दवाखाना बाजाराच्या मागच्या अंगाला. त्यांच्या बंबाखाली कित्येक वर्षं बायाचीच लाकडं जळत आली होती. बाई हुशार आणि तोंडानं फटकळ. रोग्याला आधी रागवायच्या, मग चहा पाजायच्या, मग औषध द्यायच्या. येसूला त्यांनी आडवं केलं, छातीवर सपाट हात ठेवला आणि बोटं सरकवत सरकवत पार काखेच्या दिशेला नेली. काळजाचं टोक जिथं ठोके देतं ती जागा भलतीच बाहेर सरकली होती. मग नळी लावून ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का गं?"

"आलता की," येसू म्हणाली. "गुडगं असं टम्म फुगलंवतं. महिनाभर उटले न्हवते."

बाईंनी मान हलवली. मग बायाच्या समोर स्वतःची मूठ धरली. "हे बघा मावशी. ज्याचं त्याचं काळीज साधारण ज्याच्या त्याच्या मुठीएवढं. त्यात चार कप्पे. डावीकडचा खालचा कप्पा आहे ना, तो सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत कष्टाळू. फुप्फुसातून ताजं रक्त त्याच्यात उतरतं. तो भरतो, आणि असा आवळतो." त्यांनी मूठ आवळली. "एका आवळण्यात रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत निघतं. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा. जन्मभर."

"आन् इसावा कवा घेतो?" बायानं विचारलं. ओझ्याच्या माणसाला हाच प्रश्न पडणार!

"दोन ठोक्यांच्या मधे. तेवढाच."

"आगं बाबौ!"

"रक्त ज्या वाटेनं आत उतरतं तिथं एक दार असतं, दोन पाकळ्यांचं. कप्पा आवळला की ते दार घट्ट लागायला हवं, म्हणजे रक्त पुढेच जाईल. येसूचं दार त्या तापानं आक्रसलंय. लागतच नाही नीट. मग थोडं रक्त पुढे जातं आणि बरंचसं माघारी, फुप्फुसाकडे. म्हणून हा दम."

तळेगावला जाऊन छातीचा फोटो काढून आणला. बाईंनी तो उजेडासमोर धरला. काळजाची सावली केवढी तरी मोठी. बायाला बघून बरंच वाटलं. "मोटं हाय की. म्हंजी जोरकस असंल."

"कसलं जोरकस! ताणलं गेलंय. तान्ह्याच्या झबल्यात थोरलं पोर कोंबलं तर काय होईल? तसं झालंय ते." मग बाईंनी आवाज खाली आणला. "मुंबईला मोठ्या इस्पितळात हे मोडकं दार काढून नवं बसवतात. पण त्याआधी त्या डाव्या कप्प्याची ताकद मोजतात. आवळायची ताकद शिल्लक असेल तर ऑपरेशन. नसेल तर नाही. दिवाळीनंतर नंबर लागेल. तोवर या गोळ्या, मीठ कमी, आणि जड काही उचलायचं नाही. कळलं?"

कळलं, असं दोघी म्हणाल्या. पण डोंगर चढताना बायाच्या डोक्यात एकच शब्द घोळत राहिला. ताकद. ताकद असेल तर ऑपरेशन, नाहीतर पोरगी हातची जाणार. आणि ताकद कशी आणायची हे या डोंगरात बायापेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं? जिच्या हाताखालून निम्म्या वाडीच्या माना तयार झाल्या, तिनं आपल्या सुनेचं काळीज तसंच कच्चं मुंबईला पाठवायचं? छे! मान बसून राहिली की विसरते, मग काळीज नाही विसरणार? बाईंनी जड उचलू नको सांगितलं होतं. हलकं उचलू नको असं कुठं सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. आधी अर्धी कळशी. मग भरलेली. मग कारवीच्या वाळक्या काटक्यांची पोरखेळातली वाटावी अशी मोळी. बाया बरोबर चालायची, दम लागला की थांबवायची, पाठीवरून हात फिरवायची. आणि नवल म्हणजे येसूला बरं वाटायला लागलं! पायांची सूज उतरली, खोकला कमी झाला, एकदा तर ती आडवी होऊन झोपली. ही सगळी करामत बाईंच्या गोळ्यांची होती. पण बायाला वाटलं, आपल्या काटक्यांची. येसूलाही तसंच वाटलं. "आत्याबाय, आज जरा जास्ती घाला की," ती हसून म्हणायची, "मुंबईच्या डाक्टरानं बगून गपगार झालं पायजे." मग बाया आणखी चार काटक्या घालायची आणि मनात देवाला हात जोडायची. कुणाचं वाईट करायला निघालेलं माणूस असं जपून करत नाही. लेकराला घास भरवावा तशी ती सुनेच्या डोक्यावर ओझं ठेवत होती.

मुंबईची तारीख तोंडावर आली असताना ते घडलं. भर दुपारी, घाटाच्या मधल्या टेपाडावर, येसू थांबली. झाडही धरलं नाही. मोळी डोक्यावरून घसरली आणि ती खाली बसली. छातीत घुरघुर असा आवाज, जणू हंड्यात पाणी उकळतंय. तोंडाला फेस आला, आणि त्या फेसाला तांबूस रंग. बायानं आपली मोळी वाटेतच फेकली. सगळ्या जन्मात तिनं वाटेत ओझं टाकलं नव्हतं. "येसू! ए येसू! आगं बोल की!" येसूचे डोळे फक्त हवा मागत होते.

वरच्या माळावर वाडीतला हौशीराम आणि दोघे-चौघे गवत कापत होते. बायाची किंकाळी ऐकून ते धावत आले. त्यातला एक घोंगडीची झोळी करायला लागला, पण आडवी केली की येसू गुदमरायची. मग हौशीरामानं तिला पाठकुळी घेतलं आणि तसाच पळत सुटला. एक थकला की दुसरा पाठ द्यायचा. बाया मागून अनवाणी धावत होती आणि दिसेल त्या देवाला साकडं घालत होती.

अनसूयाबाईंनी तिला बघताच खाटेवर बसती केली, पाय खाली सोडले. इंजेक्शनं दिली. प्राणवायूचं नळकांडं मागवून नाकाला लावलं. दंडांना आणि मांड्यांना रबराच्या नळ्या आवळल्या. एक सोडायची, दुसरी आवळायची, म्हणजे काळजाकडे येणारा लोंढा जरा अडेल. तास-दीड तास त्या खाटेपासून हलल्या नाहीत. बाहेर लोक खोळंबले होते, त्यांना एकदाच ओरडून सांगितलं, "मरत नसाल तर उद्या या!" संध्याकाळी येसूची घुरघुर थांबली. तिनं पाणी मागितलं. बायाचा जीव भांड्यात पडला, आणि ती भिंतीला टेकून भडाभडा रडली.

"काय करत होती ही?" बाईंनी विचारलं.

बाया खोटं बोलणारी नव्हती. कळशीपासून कारवीपर्यंत सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा लाल झाला. मग त्या बायाच्या शेजारी जमिनीवरच बसल्या.

"मावशी, मानेला तुम्ही दिवसा ओझं देता आणि रात्री विसावा देता. म्हणून ती तयार होते. या कप्प्याला दहा-बारा वर्षं विसावाच नाही. पुढे ढकललेलं निम्मं माघारी येतं, ते पुन्हा ढकला. एका माणसाच्या जागी दोन माणसांचं ओझं तो कधीपासून वाहतोय. तो तुमच्याआधीच तयार झालाय मावशी. ताणून ताणून तयार झालाय. आता दमत चाललाय. त्याच्यावर आणखी लाकडं नव्हती रचायची."

ओझं म्हणजे काय हे बायाला शिकवावं लागत नव्हतं. निम्म्या वाटेवर कुणी आपल्या मोळीवर दुसऱ्याची मोळी टाकली तर काय होतं, ते तिच्या हाडांना ठाऊक होतं. आणि तेच तिनं केलं होतं, स्वतःच्या हातानं, मायेनं.

नवसू रेल्वेच्या रुळांवरच्या कामावरून धावत आला, तेव्हा तिनं त्यालाही सांगितलं. "मी केलं रं ह्ये. तिची ताकद म्या संपीवली." नवसू म्हणाला, "आये, तुला ठावं असतं तर केलं असतंस व्हय?" तेवढंच. पण त्या एका वाक्यावर बायानं पुढचे दिवस काढले. अन्न गोड लागत नव्हतं. मोळीला जाणं तिनं सोडलं होतं. एकच गोष्ट तिला खात होती: मुंबईला ताकद मोजतील आणि म्हणतील, होती हो, पण आता उरली नाही.

बाईंनी तारीख थोडी पुढे ढकलून घेतली, आणि त्या दिवशी दवाखान्याला कुलूप लावून स्वतः बरोबर निघाल्या. "तुम्हाला तिथं काही कळायचं नाही आणि तुम्ही काहीतरी भलतंच करून ठेवाल," असं वर ऐकवलं. बायाला ते रागावणं आशीर्वादासारखं वाटलं. सगं कोण, परकं कोण, हे अशा वेळी कळतं.

इस्पितळातले हृदयाचे डॉक्टर उंच आणि हळू बोलणारे. त्यांनी येसूला आत नेलं. जांघेतल्या धमनीतून एक बारीक लवचिक नळी वर सरकवत थेट काळजाच्या डाव्या कप्प्यात नेतात, तिथला दाब मोजतात, मग नळीतून औषध सोडतात आणि क्ष-किरणांनी त्याचा सिनेमा काढतात, असं बाईंनी सांगितलं. बाहेरच्या बाकावर बाया पदर तोंडात धरून बसली. येसू बाहेर आली ती जागी होती, आणि बोलतही होती. "आत्याबाय, औषीद सोडलं ना, तवा अंगभर ऊन पसरल्यागत झालं बगा. दुकलं न्हाई काय." बायानं तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अनसूयाबाईंना तो सिनेमा बघायला बोलावलं. बाई बायाला बरोबर घेऊन गेल्या. "या बघणार," त्या म्हणाल्या. "यांना बघितल्याशिवाय झोप लागायची नाही." डॉक्टरांनी एकदा बायाकडे बघितलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

दिवा मालवला. यंत्र करकरायला लागलं. भिंतीवर फासळ्या दिसल्या, धूसर. मग त्यांच्यामध्ये काळा धूर पसरावा तसं औषध आलं आणि एक पिशवी भरली. भरली आणि आवळली. पुन्हा भरली, पुन्हा आवळली. एक झोत वर पुढे जात होता. आणि दुसरा, चांगला जाडजूड, उलटा माघारी, वरच्या कप्प्यात फुसांडत होता.

"ह्ये येसूचं?" बायानं विचारलं.

"येसूचंच."

डॉक्टरांनी चित्र थांबवलं. पिशवी पूर्ण भरलेली असताना तिची कड कागदावर पेन्सिलीनं गिरवली. मग पुढे नेऊन, ती सगळ्यांत लहान झाल्यावर थांबवलं आणि पहिल्या रेघेच्या आत दुसरी रेघ गिरवली. "बाहेरची रेघ म्हणजे किती भरतं. आतली म्हणजे किती उरतं. मधलं जे आहे ते एका आवळण्यात बाहेर पडतं. निरोगी माणसाचंही सगळं बाहेर पडत नाही, थोडं आत राहतंच. पण निम्म्याहून बरंच जास्त बाहेर पडायला हवं." ते आकडेमोड करायला लागले. बायाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिची नजर त्यांच्या तोंडावर खिळली होती. ओठ काय बोलतात तेवढंच आता तिच्या जन्माचं मोल होतं.

"निम्म्याच्या वर आहे," डॉक्टर म्हणाले. "थोडी उतरलीय, पण आवळायची ताकद आहे. दार बदलता येईल. अजून वर्ष-दोन वर्षं घालवली असती तर मी हात लावला नसता."

अनसूयाबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसत बसल्या. बायानं कसंबसं विचारलं, "डाक्टरसाब, जी उतरली ती माज्यामुळं उतरली का? म्या तिला वझं वाहाया लावलंवतं."

डॉक्टरांना बाईंनी सगळं सांगितलेलं असावं. ते थेट म्हणाले, "नाही आजी. हे बारा वर्षांचं ताणणं आहे, चार आठवड्यांचं नव्हे. मात्र त्या दिवशी तिचा जीव गेला असता. पाठीवर बसती आणली म्हणून वाचली."

बाया उठून भिंतीपाशी गेली. "परत एकडाव दावा."

यंत्र पुन्हा करकरलं. पिशवी भरली, आवळली. भरली, आवळली. निम्मं सांडतंय, तरी भरतेय, तरी आवळतेय. बायानं पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीवरच्या त्या काळ्या पिशवीला दोन्ही हात जोडले. "बाये माजी," ती म्हणाली, "लय वाह्यलंस गं. आमच्या ध्यानात सुद्दा आलं न्हाई. तुजे लय उपकार हायेत." डॉक्टर यंत्र बंद करायचं विसरले.

ऑपरेशनला रक्त लागणार होतं, बाटल्यांच्या बाटल्या. डोंगरातल्या माणसाला सुईची केवढी धास्ती! गेलेलं रक्त परत भरत नाही, अशी सगळ्यांची समजूत. बायाला वाटलं, कोण येणार? नवसू वाडीत निरोप घेऊन गेला आणि येताना त्याच्याबरोबर शेजारची रतनबाई, हौशीराम, तो झोळीवाला, आणि कधीकाळी बायानं माना तयार करून दिलेल्या चार बायका. येसूला आळशी म्हणणारीही त्यात होती. ती सगळ्यांत आधी दंड पुढे करून बसली, डोळे गच्च मिटून. बायानंही दंड पुढे केला. रक्तपेढीतल्या माणसानं तिचं वय आणि वजन बघून नको म्हटलं. तेव्हा ती त्याच्याशी अशी भांडली की बस्स. "डोईवर दोन मण लाकूड वाहतीया मी, आन् तुला बाटलीभर रगात जड झालं व्हय?" शेवटी अनसूयाबाईंनी दरडावून तिला बाहेर काढलं.

येसू पुढे बरीच वर्षं जगली. मोळी तिनं पुन्हा उचलली नाही. बाजारात पाटी मांडून बसायची, करवंदं-जांभळं विकायची आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायची. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, आणि ते तपासायला ठरल्या वेळी अनसूयाबाईंकडे फेरी. वर्षानं फोटो काढला तेव्हा काळजाची सावली आकसून बरीच आवरली होती. बाया मरेपर्यंत बंबाची लाकडं घेऊन बाईंच्या दारात जायची, आणि लाकडं टाकून झाल्यावर उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायची. बाई रागवायच्या. ही ऐकायची नाही.

पण बायाच्या सगळ्या आयुष्यातला मोलाचा दिवस विचाराल, तर तो ऑपरेशननंतरचा. दिवसभर बाहेर बसवून ठेवल्यावर तिला शेवटी आत सोडलं. येसू झोपलेली, चेहरा पांढराफटक, छातीला भलंमोठं बँडेज, नळ्याच नळ्या. बाया खाटेजवळ गेली आणि दचकली. टक्, टक्, टक्. बारीक, नियमित आवाज. तिनं इकडेतिकडे बघितलं. घड्याळ कुठं दिसेना. वाकली, तर आवाज येसूच्या छातीतून.

"भिऊ नका," नर्स हसून म्हणाली. "नवी झडप आहे ती. बारीक पिंजऱ्यात एक गोळी असते. कप्पा आवळला की ती जागेवर येऊन बसते, तिचा आवाज. आता रक्त माघारी नाही जात."

बाया खाटेच्या कडेला खाली बसली आणि कान येसूच्या छातीजवळ नेला. टक्, टक्, टक्. किती वेळ ती तशी होती, कोण जाणे. तिच्या डोळ्यांतलं पाणी चादरीवर पडत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. केव्हातरी येसूनं डोळे उघडले. घसा कोरडा, आवाज जेमतेम.

"काय ऐकताय, आत्याबाय?"

"दार लागतंय, त्ये."

येसू थोडं हसली. मग तिचा मूळ स्वभाव कुठं जाणार? "मंग आता परत माजी मान कवापून तयार करायची?"

"तुज्या मानंला आग लागली!" बाया रडता रडता म्हणाली. "गप पड. ऐकू दे मला."